बाईंचा जमाखर्च

स्मरणिका समितीने ‘शाळेने काय दिले’ यावर लिहायला सांगितले आहे. शाळेने पुष्कळ दिले, त्यात छड्याही आल्या. पण ते बाकीचे लिहितीलच. मला लिहायचे आहे ते विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेल्या एकाच धड्याबद्दल, ‘रासायनिक अभिक्रियांतील ऊर्जाबदल’. पुस्तकात तो थोडक्यात उरकलेला होता. बाईंनी त्यावर जवळजवळ अख्खा श्रावण घालवला आणि अभ्यासक्रम मागे पडला म्हणून वरच्यांची बोलणीही खाल्ली.

व्याख्या आम्हाला पाठ होत्या. उष्णता बाहेर पडते ती ऊष्मादायी, शोषली जाते ती ऊष्माग्राही. ऊष्मादायीचे नवल नव्हते. पेठांतल्या वाड्यांत वाढलेल्या मुलांनी दिवाळीआधीच्या सफेदीसाठी पिंपात कळीचा चुना टाकलेला पाहिला होता. पाणी पडले की तो खदखदायचा आणि घरातली मोठी माणसे आम्हाला ओरडून लांब पिटाळायची. बाईंनी तिथेच अडवले. ‘‘ही उष्णता चुन्यात आली कुठून?’’ वर्ग चिडीचूप.

उत्तर भट्टीत होते. चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यासाठी दर मोलमागे (मोल म्हणजे रसायनशास्त्रात पदार्थ मोजायचे माप) सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते. पिंपात पाणी ओतल्यावर त्यातले ६५ परत मिळतात. उरलेले ११३? ते भिंतीवर. सफेदी वाळत असताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा घेतो, त्याची परत चुनखडी होते आणि राहिलेली उष्णता बाहेर पडते. फक्त इतकी सावकाश, की भिंतीला हात लावून कळत नाही. एकाच वाटेने जा नाहीतर तीन वळणे घेऊन, एकूण उष्णता तेवढीच, हा नियम जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये मांडला. आम्हाला तो वाड्याच्या भिंतीवरून कळला.

ऊष्माग्राहीसाठी बाईंनी चंचुपात्रात खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड एकत्र केले, वर थोडे पाणी घातले. जोरात फेस आला. इतका फेस म्हणजे तापणारच, अशी आमची खात्री. तापमापकातला पारा मात्र खाली सरकला. पात्र हातोहात फिरवले गेले, गार लागत होते. मग थंड होणारी अभिक्रिया मुळात घडतेच का, असे एका हुशार मुलीने विचारले. ‘‘ते अकरावी-बारावीत,’’ असे म्हणून बाईंनी तिची बोळवण केली. मला वाटते, तेवढे एकच उत्तर त्यांनी उधार ठेवले.

तांबट आळीतला एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याच्यामुळे कल्हईचा विषय निघाला. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की तो उष्णता घेऊन फुटतो, त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू निघतात. भांड्यावरची काळपट पुटे निघतात ती याच दुसऱ्या वायूमुळे. मगच कथील नीट धरते. आणि वर जो पांढरा धूर दिसतो, तो धूर नव्हेच. गार हवेत दोन्ही वायू पुन्हा एकत्र येऊन झालेले ते नवसागराचे बारीक कण. फुटताना घेतलेली उष्णता जुळताना परत. त्या मुलाची त्या आठवड्यात वर्गात भलतीच वट होती.

पण बाईंचा खरा हट्ट वेगळाच होता, तो बंधांबद्दल, म्हणजे अणूंना एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या पकडीबद्दल. ‘बंधांत ऊर्जा साठलेली असते, बंध तुटले की ती बाहेर पडते’ असे कोणी लिहिले की त्या अख्खे उत्तर खोडायच्या. बंध तोडायला ऊर्जा नेहमी द्यावीच लागते, मिळते ती नवे बंध जुळताना. त्यांनी फळ्यावर किराणा दुकानाच्या खतावणीसारखे दोन रकाने आखले. हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६, क्लोरीनचा तोडायला २४२, खर्च ६७८. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध जुळले, प्रत्येकी ४३१, जमा ८६२. शिल्लक १८४ किलोज्यूल, तीच बाहेर पडणारी उष्णता. खर्च जास्त निघाला तर ऊष्माग्राही. इतके सोपे आहे ते, तरी अजूनही भल्याभल्यांच्या तोंडी तोच जुना उलटा हिशेब असतो.

एकाचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्याने विचारले, ‘‘मग बाँबमध्ये जमा किती?’’ बाई म्हणाल्या, तुझ्या चहातल्या साखरेपेक्षा कमी. वर्ग हसला. पण ते खरे आहे. एक ग्रॅम टीएनटीतून साधारण ४.२ किलोज्यूल मिळतात, तर एक ग्रॅम साखर पूर्ण जळाली तर सोळाच्या वर. फरक वेगाचा. साखरेला जळायला हवेतून ऑक्सिजन मिळवावा लागतो. टीएनटीच्या रेणूतच तो थोडाफार असतो आणि सगळा व्यवहार क्षणाच्याही लहानशा अंशात उरकतो.

माझे भोसरीत हीट ट्रीटमेंटचे छोटे युनिट आहे. गिअर कडक करताना भट्टीत जो वायू सोडतात, त्याला आमच्याकडे सगळे ‘एंडो’ म्हणतात, एंडोथर्मिकचे, म्हणजे ऊष्माग्राहीचे, लघुरूप. हवा आणि एलपीजी निकेलच्या उत्प्रेरकावरून जातात, पण तो उत्प्रेरक ज्या बंद भांड्यात असतो ते रिटॉर्ट बाहेरून हजार अंशांवर तापवून ठेवावे लागते. हवेचे प्रमाण बरेच वाढवले की ‘एक्झो’, म्हणजे ऊष्मादायी, तो आपल्याच उष्णतेवर चालतो. आयटीआयमधून नवा मुलगा आला की मी त्याला विचारतो, एंडोच्या जनरेटरला बाहेरून आच कशाला? बहुतेक जण बंध तुटल्यावर ऊर्जा सुटते तिथूनच सुरुवात करतात. मग मी खडू शोधतो.

नवी प्रयोगशाळा होते आहे असे कळले. आमच्या तुकडीतर्फे तिच्यासाठी तापमापक देत आहोत, पाऱ्याचे नव्हे, अल्कोहोलचे. एकच विनंती: कपाटाला कुलूप लावू नका. फुटले तर आणखी देऊ.