स्वस्त पीप साइट रायफलवर चढवण्यापूर्वी : माझा अनुभव

ऑनलाइन मागवलेल्या एका पीप साइटच्या (रायफलवर डोळ्याजवळ बसणारा, बारीक छिद्रातून नेम धरण्याचा भाग) परतीच्या अर्जाने मला जितका मनस्ताप दिला तितका मुलीच्या नेमबाजीच्या संपूर्ण खर्चानेही दिला नसेल, आणि तो राग अजून पुरता निवळलेला नाही. तरीही त्या निमित्ताने जे शिकायला मिळाले ते इतर पालकांच्या उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या इंदूरच्या आसपास या खेळाची ओढ मुलांना लवकर लागते. महूला सैन्याचे मार्क्समनशिप युनिट, म्हणजे नेमबाजीचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या १० मीटर एअर रायफल संघात महाराष्ट्राच्या रुद्रांक्ष पाटीलबरोबर आपल्या खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर होता. मुलीने जुनी पण चांगली रायफल मिळवली, मात्र तिची मागची साइट झिजलेली होती. मूळ कंपनीची नवी साइट आमच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून सुमारे चौथ्या भागाच्या किमतीची, तशीच दिसणारी साइट मागवली.

स्वस्त म्हणजे वाईटच असे मी मानत नाही. पण या भागाकडून अपेक्षा किती बारीक असते ते आधी समजून घ्यावे. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि दशांशात गुण मोजताना एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. रायफलवर पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ८० सेंटिमीटर अंतर असते, लक्ष्य १० मीटरवर, त्यामुळे मागची साइट जितकी सरकेल त्याच्या सुमारे साडेबारा पट फरक लक्ष्यावर पडतो. साइटच्या आत ०.०४ मिलिमीटरची चूक राहिली तर पेलेट, म्हणजे छर्रा, अर्धा मिलिमीटर बाजूला जाते. एवढी चूक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना जाणवत नाही, आणि रेंजवर ती मुलीच्या श्वासावर, ट्रिगरवर किंवा मनःस्थितीवर ढकलली जाते. माझी सारी तळमळ या एका गोष्टीची होती. यंत्राच्या दोषाचे खापर लेकराच्या डोक्यावर फुटू नये.

पार्सल आल्यावर वरवरची पाहणी सहज झाली. छिद्रातून पांढऱ्या भिंतीकडे पाहिले तर ते गोल आणि स्वच्छ होते, कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, नव्हती. साइट आडवी आणि उभी सरकवणारे दोन्ही नॉब कानाजवळ धरून सावकाश फिरवले. एका पूर्ण फेरीत क्लिकची संख्या दर वेळी सारखीच आली. (ही पाहणी खोलीत शांतता असताना करावी, कारण हलका पडलेला क्लिक पंख्याच्या आवाजात हरवतो.) सोबतच्या कार्डावर एका क्लिकने लक्ष्यावर पाव मिलिमीटर फरक पडेल असे छापले होते, म्हणजे साइट दर क्लिकला ०.०२ मिलिमीटर सरकायला हवी. मात्र नॉब उलट फिरवताना सुरुवातीला थोडासा पोकळपणा हाताला लागला, आणि तिथे माझ्या मनात शंका आली.

पुढे जे अडले ते असे. विक्रेत्याच्या परतीच्या अर्जात पहिला प्रश्न होता, वस्तू वापरली आहे का. "होय" लिहिले तर अर्ज तिथेच नामंजूर, कारण रेलवर (रायफलवरच्या ज्या पट्टीवर साइट घट्ट बसते तिच्यावर) बसवल्याच्या खुणा असलेली वस्तू परत घेतली जात नाही. "नाही" लिहिले तर पुढचा रकाना उघडतो, आणि त्यात दोषाचा पुरावा म्हणून रेंजवर मारलेल्या लक्ष्याचे छायाचित्र जोडणे सक्तीचे. साइट रायफलवर चढवल्याशिवाय लक्ष्य मारता येत नाही, आणि चढवली की ती वापरलेली ठरते. मी फोनवर हे पुन्हा पुन्हा समजावले, पलीकडचा माणूस दर वेळी नवा आणि उत्तर तेच, "मॅडम, फॉर्ममध्ये जे मागितले आहे ते जोडा." दरम्यान परतीची मुदत संपत चालली होती, आणि मुलगी रोज विचारत होती, "आई, लावू का? एकदाच बघते."

मी लावू दिली नाही, आणि त्या निर्णयाचा मला आजही अभिमान आहे. आमच्या धाकट्या भावजींचे सांवेर रोडच्या औद्योगिक भागात छोटे वर्कशॉप आहे. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वहिनी, रायफल कशाला हवी? साइट सरकते ना, मग सरकणे मोजू." त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर ११ मिलिमीटरचा रेल काढला, त्याच्या कडा मारून गुळगुळीत केल्या म्हणजे साइटच्या जबड्यावर ओरखडा उठणार नाही, आणि तो तुकडा सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, पक्का केला. मॅग्नेटिक स्टँडवर साधा डायल गेज (बारीक सरकणे काट्याने दाखवणारे मापक) लावून मोजले तेव्हा सगळे ठीक दिसले. दहा क्लिक उजवीकडे, ०.२० मिलिमीटर, दहा परत, काटा शून्यावर.

मला हायसे वाटायला हवे होते, पण भावजींनी मान हलवली. साध्या डायलच्या पिनमागे स्प्रिंग असते आणि ती साइटचा सरकता भाग सतत एका बाजूला दाबून धरते, त्यामुळे आतल्या स्क्रूतली ढिलाई मोजताना झाकली जाते, हे त्यांनी दाखवून दिले. मग त्यांनी लिव्हर डायल काढला, ज्याचा स्पर्श अगदी हलका असतो. आता दहा क्लिक उजवीकडे आणि दहा परत केल्यावर काटा ०.०६ वर थांबला, म्हणजे लक्ष्यावर पाऊण मिलिमीटर, तीन दशांश गुण. पुन्हा केले तर ०.०२, त्यापुढे ०.०५. ढिलाई दर वेळी सारखी असती तर नेहमी एकाच दिशेने येऊन साइट लावण्याची सवय करून ती निभावता आली असती. दर वेळी वेगळी येणारी ढिलाई कोणत्याही सवयीने निभावत नाही, म्हणून ती साइट आमच्यासाठी निकामी होती.

या मोजणीचे सलग चित्रण केले, ज्यात नॉब, काटा आणि साइटचा क्रमांक तिन्ही एकाच चौकटीत दिसत होते. मग तो अर्ज बाजूला ठेवला आणि सरळ तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिले. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. एवढे लिहून, दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन असेही कळवले. जे उत्तर इतक्या फोनांनी मिळाले नव्हते ते आले. साइट बदलून देण्याचे मान्य झाले, आणि मी वर्कशॉपच्या दारातच मुलीला फोन लावला.

बदलून आलेली साइट त्याच तुकड्यावर, त्याच लिव्हर डायलने मोजली. परतीचा काटा दर वेळी ०.०१ च्या आत राहिला. वर-खाली सरकणेही मोजले, कारण पुष्कळ जण फक्त आडव्या नॉबकडे पाहतात. साइट रेलवरून काढून पुन्हा बसवली आणि काटा जागेवर येतो का तेही पाहिले. त्यानंतरच ती रायफलवर चढली. कोच सरांनी रायफल टेकूवर ठेवून आधी एक ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून सलग काही छर्रे, मारायला लावला, मग ठरावीक क्लिक उजवीकडे नेऊन दुसरा, आणि तितकेच क्लिक परत आणून तिसरा. तिसरा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला.

आणखी एक सांगायचे राहिले. लिव्हर डायल विकत घेण्याची गरज नाही. कोणत्याही टूलरूममध्ये तो असतो आणि मोजणीला अर्धा तास पुरतो. मात्र खोके उघडतानाच चित्रण सुरू करावे, सोबतची अ‍ॅलन की आणि कार्ड पिशवीतून काढू नये, आणि परतीची मुदत माल हातात आल्यापासून मोजतात की पाठवल्यापासून, हे पैसे भरण्याआधीच लेखी विचारून घ्यावे.