दोन झिंट

ऐन द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी रोडवरच्या एका पॅकहाऊसमधून सकाळी सातला फोन आला. "दादा, लेबलं निघतायत, पण बारकोडची जागा कोरी येतेय." पोचलो तर 5 किलोचे खोके भरून थप्पीला लागलेले, पॅकिंगच्या ताया हात बांधून बसलेल्या. रात्री कंटेनर न्हावाशेव्याला निघायचा होता. बारकोड नसेल तर माल कुठल्या बागेतला हे सांगता येत नाही, आणि असा खोका निर्यातीला जात नाही.

पॅकिंगचं सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच अपडेट टाकलं होतं. त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, "बारकोड काढणारं झिंट नवंच आहे, तपासलंय. सगळं काढून पुन्हा टाका." याला माझा कायम विरोध असतो. त्यात बिघाडाच्या खुणाच पुसल्या जातात.

टर्मिनल उघडून 'आरपीएम -क्यूए --लास्ट' ही कमांड मारली. आरपीएम लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवतं आणि त्यांची नोंद ठेवतं. शेवटी बसलेलं पॅकेज या कमांडच्या यादीत सगळ्यात वर दिसतं. झिंट वरच होतं, तारीख कालची, व्हर्जन नवं. मग 'आरपीएम -व्ही झिंट'. बसवलेल्या फायली ही कमांड नोंदीशी ताडून बघते आणि फरक सापडला तरच बोलते. ती गप्प राहिली. म्हणजे फोनवरचा माणूस खरंच सांगत होता.

मग खुद्द झिंटलाच व्हर्जन विचारलं. जुनं!

या नावाचा प्रोग्राम कुठेकुठे आहे ते बघायला 'टाइप -ए झिंट' केल्यावर दोन ओळी आल्या. वर '/यूएसआर/लोकल/बिन/झिंट', खाली '/यूएसआर/बिन/झिंट'. पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जे आधी सापडेल तेच चालतं. 'आरपीएम -क्यूएफ' लावून वरच्या फाईलचा मालक विचारला, तर ती कुठल्याच पॅकेजची नव्हती. तारीख तीन हंगामांपूर्वीची. कुणीतरी सोर्स कोडवरून बनवून हातानं ठेवलेली, म्हणून आरपीएमच्या दप्तरी तिची नोंदच नाही. नव्या अपडेटमधला पर्याय या जुन्या झिंटला कळत नव्हता, आणि नवं झिंट मागे नुसतंच बसून होतं.

जुनी फाईल पुसली नाही, फक्त नाव बदललं. पुढच्या लेबलावर काळ्या रेघा उमटल्या. स्कॅनर धरला, टिंग वाजलं, स्क्रीनवर बागेचा नंबर आला. "लावा ताई," म्हणेपर्यंत थप्पीतला पहिला खोका खाली आलाही होता.

निघण्याआधी त्यांच्या रजिस्टरमध्ये तारीख घालून लिहिलं: लोकल बिनमधल्या जुन्या झिंटचं नाव बदललंय, परत तिथे काही ठेवू नका.