फणसाडचं जंगल आणि खाडी एका दिवसात: आधी तिथी बघा

पक्षी बघायला फणसाड अभयारण्याचं जंगल आणि मुरूडकडची एखादी खाडी एकाच दिवशी करायची, तर निघायचा दिवस तिथीवरून ठरवावा, कारण खाडीवरचे पक्षी पाणी चढताना जवळ येतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. थोडं मागेपुढे होतं, म्हणून भरतीचा तक्ताही बघावा.

एकादशीची भरती नेमकी सकाळी, जंगलाच्या वेळेवर येते. चतुर्थी-पंचमी सोयीची, सकाळ जंगलाला, दुपार खाडीला. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती असते, पाणी सगळा चिखल झाकत नाही आणि पक्षी लांबच राहतात.

जंगलात ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. १०×मध्ये दिसणारा घेर लहान, गर्द झाडीत पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. भृंगराज कोतवाल ओरडला की चालणं थांबवा. त्याच्याबरोबर बहुधा निखार, सुभग अशा छोट्या पक्ष्यांचा मिश्र थवा असतो. धनेशामागे फिरू नये, पिकलेल्या उंबराखाली बसावं. ऊन चढलं की पाणवठा गाठा. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं विणीच्या काळात तर निव्वळ छळच.

खाडीवर भरतीच्या दोन तास आधी पोहोचा. ओहोटीला चिखले-तुतवार हे चिखलात चरणारे पक्षी दूरवर पांगलेले असतात. पाणी चढतं तसा चिखल आकसतो आणि ते जवळ येतात. अगदी पूर्ण भरतीची वाट बघू नका, कारण तेव्हा ते चोच पिसांत खुपसून झोपतात आणि चोचीशिवाय तुतवार ओळखणं अवघड. दुपारी सूर्य पश्चिमेला, म्हणून पश्चिमेचा काठ धरून पूर्वेकडे बघा. तापलेल्या चिखलावर हवा थरथरते, तेव्हा स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) ६०×वर नेऊन उपयोग नाही, २०-२५×वरच ठेवा. हिवाळी पिसाऱ्यातले धाकटे आणि थोरले वाळूचिखले लांबून वेगळे करता येत नसतील तर वहीत नुसतं ‘चिखल्या’ लिहावं. यादी वाढवायला नाव ठोकून देणारे काही कमी नाहीत.

विसावलेल्या थव्याकडे चालत जाऊ नका. मार्चमध्ये त्यांना परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते, प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते.

घरी आल्यावर भिंगं लगेच कोरड्या कापडाने पुसू नका, वाळू ओरखडे पाडते. आधी फुंकणीने ती उडवा, मग लेन्सच्या द्रावणाने किंचित ओल्या केलेल्या कापडाने मीठ टिपा. पावसाळ्यात दुर्बीण सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशी चढते.