सीतेच्या वेणीची मुळं

मे सरत आला, एखाददुसरा वळीव पडून गेला, की कोकणात जुन्या आंब्याफणसांच्या खोडांवर सीतेची वेणी फुलते. हातभर लांब, खाली लोंबणारा भरगच्च तुरा. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके आणि मधली पाकळी गडद जांभळी. लोक गाडी थांबवून फोटो काढतात, व्हॉट्सॅपवर टाकतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी तुरे सुकले की पुढच्या मेपर्यंत तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझं मत विचाराल तर या आमरीत, म्हणजे ऑर्किडमध्ये, बघण्यासारखं जे आहे, ते फुलं नसतानाच दिसतं. तिची मुळं.

शेजारच्या काकूंनी माझ्या बाल्कनीत ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं होतं, "काय गं, ते बांडगूळ घरात कशाला आणलंस?" अहो काकू, बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस पितं. ही बिचारी सालीला बाहेरून धरून नुसती बसलेली असते. पाणी पावसाचं, नाहीतर धुक्यादवाचं. खत म्हणजे सालीच्या खाचांत अडकलेला पालापाचोळा, धूळ, पक्ष्यांची विष्ठा. झाडाकडून घेते ती फक्त जागा, तीही उजेड मिळावा म्हणून उंचावरची.

ही मुळं पेन्सिलीएवढी जाड असतात आणि कोरडी असताना चुना फासल्यासारखी पांढरी दिसतात. त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारून बघा. मूळ डोळ्यांदेखत हिरवं होतं, जिथे थेंब पोचला नाही तिथे पांढरा पट्टा तसाच राहतो. मुळावर मेलेल्या पेशींचं एक स्पंजासारखं आवरण असतं. त्यात हवा भरलेली असली की ते पांढरं दिसतं. पाणी शोषलं की पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. हो, हिच्या मुळांतही हरितद्रव्य असतं. पानांच्या बरोबरीने तीही उन्हावर थोडंफार अन्न शिजवतात, म्हणून त्यांना मातीत गाडणं म्हणजे दुहेरी अन्याय.

एवढं कळलं की सीतेची वेणी कशी वाढवायची हे वेगळं शिकावं लागत नाही. कुंडी नको, माती तर नकोच. साल असलेला लाकडाचा ओंडका किंवा नारळाचं सोडण घ्यायचं, त्यावर रोप सुतळीने बांधायचं आणि खिडकीच्या ग्रिलला टांगायचं. सुतळी कुजेपर्यंत मुळं आपली पकड घेतात. लाकडी टोपली असेल तर तळाशी कोळसा आणि कौलांचे तुकडे, बस्स. पाणी कधी घालायचं ते मूळच सांगतं: पांढरं असेल तर घाला, हिरवं असेल तर हात आवरा. कोकणातल्या धो धो पावसात ती टिकते, कारण झाडावर पाणी निथळून जातं आणि वारा लागतो. बंद खिडकीत रोज थोडंथोडं पाणी मिळालं तर मात्र सडते. सकाळचं कोवळं ऊन हवं. पानं काळपट हिरवी पडली तर उजेड कमी पडतोय, पिवळट झाली तर जास्त होतोय. खत अगदी पातळ करून, तेही नवीन वाढ चालू असताना. आणि गोगलगायींवर नजर ठेवा. मुळांची कोवळी टोकं त्यांना फार आवडतात.

एकच विनंती, रोप जंगलातून ओरबाडून आणू नका. एकेका शेंगेत धुळीसारख्या बारीक असंख्य बिया असतात, पण त्यांच्यात शिदोरी नसते. विशिष्ट बुरशी भेटली तरच त्या रुजतात, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी १८९९मध्ये दाखवून दिलं. बुरशीऐवजी साखर आणि क्षार देऊन काचेच्या बाटलीत बी रुजवण्याची युक्ती अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२मध्ये मांडली. तिच्याच जोरावर आज रोपवाटिकांत बाटलीत वाढलेली रोपं मिळतात. आसामात बोहाग बिहूच्या सणाला मुली हीच फुलं केसांत माळून नाचतात, तिथे तिला कोपौ फूल म्हणतात. ते आसामचं राज्यफूल आहे आणि अरुणाचलचंही. एवढा मान असलेल्या रोपासाठी चार पैसे मोजायला काय हरकत आहे?

जागा बदलली की ही आमरी रुसते, वर्ष-दोन वर्षं फुलत नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावतं आणि काकू रोज चौकशीला येऊ लागतात. टोक चपटं, खवल्याखवल्यांचं असेल तर तुरा. गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल तर मूळ. मूळ निघालं की काकूंचा चेहरा पडतो. मी मात्र त्याला धरायला जवळ एक काठी बांधून ठेवते.