तुम्ही विचारलंत म्हणून: जमिनीवर छान दिसलेल्या फ्रेम्स भिंतीवर का विस्कटतात?

„खाली सतरंजीवर मांडल्या तेव्हा मस्त दिसत होत्या, वर गेल्या आणि बिघडलं." हे सारखं ऐकू येतं. मांडणी बहुधा ठीकच असते. चुकतं ते भोक. दोन फ्रेम्स एकाच मापाच्या असल्या तरी मागची दोरी एकीची ताठ असते, दुसरीची सैल. त्यामुळे स्क्रू एका रेषेत मारले की फ्रेम्स हमखास वरखाली होतात.

म्हणून रद्दी काढा. प्रत्येक फ्रेमच्या मापाचा कागद कापा. मग फ्रेम उलटी ठेवून दोरी मधोमध बोटाने वर ताणा, जशी स्क्रूवर ताणली जाईल तशी, आणि फ्रेमच्या वरच्या कडेपासून त्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. समजा अडीच इंच आलं, तर कागदावरही वरून अडीच इंचांवर, मधोमध फुली. कागद मास्किंग टेपने भिंतीवर लावा, एक दिवस येताजाता बघा, हवं तसं सरकवा. पटलं की भोक थेट फुलीतून पाडा आणि मग कागद फाडून टाका.

दोन फ्रेम्समध्ये दोन इंच पुरतात. पाच-सहा इंच सोडले की गट सुटतो, शाळेच्या व्हरांड्यातले तक्ते वाटतात. सहा फुटी सोफ्यावर साधारण चार फुटांचा गट, सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर. मोकळ्या भिंतीवर गटाचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर. सगळ्यात मोठी फ्रेम मधोमध न ठेवता जराशी डावीकडे घ्या, बाकीच्या तिच्याभोवती. हार घालायचे फोटो मात्र या गटात नकोत: हार शेजारच्या फ्रेमवर येतो आणि ओल्या फुलांचं पाणी खालच्या फ्रेमवर गळतं.

आता भिंत, कारण पुण्यात ती घरोघरी वेगळी. नव्या टॉवरमधली मायव्हनची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली भिंत म्हणजे सलग काँक्रीट. तिथे हॅमर ड्रिल, 6 मिमीचं बिट आणि गिट्टी (भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग, स्क्रू त्यात घट्ट बसतो). खिळा ठोकाल तर खिळाच वाकेल. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत उलट: हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी गोल फिरत राहते. तिथे ब्लॉकसाठीची लांब गिट्टी मागा. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानांत मिळून जाईल. पेठेतल्या जुन्या वाड्यात माती-विटांच्या भिंतीतून भुगाच पडतो. तिथे भिंतीशी भांडू नका, तुळईला हूक लावून तारेने फ्रेम सोडा. पूर्वी मोठ्या तसबिरी वरून किंचित पुढे झुकवून टांगत, त्या अजूनही छान दिसतात.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा आडव्या रेषेत ड्रिल लावू नका, आत वायरिंग असतं. 12×18 च्या फ्रेमची 2 मिमी काचच सुमारे 700 ग्रॅम भरते, त्यामुळे दुहेरी टेपवरचे हूक अशा फ्रेमला नकोत.

पश्चिमेची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते. तिथेच लावायच्या असतील तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांत 4-5 मिमी जाडीचे रबरी बटण चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. फोटोला माउंटही, म्हणजे फोटो आणि काचेमधली पुठ्ठ्याची चौकट, हवंच. नाहीतर दमटपणाने फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवरच राहतो.