माझंच सेवापुस्तक आणि त्रयस्थ मी

नगरपरिषदेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या टेबलावर. त्यामुळे गेल्या महिन्यात तिथूनच आलेलं पत्र वाचताना आधी हसू आलं आणि मग राग.

हवं होतं माझ्या सेवापुस्तकातलं, म्हणजे नोकरीभराच्या नोंदींच्या वहीतलं, १ जानेवारी २००६ च्या वेतननिश्चितीचं पान. सहाव्या वेतन आयोगात एक वेतनवाढ गळाली आणि पेन्शन तिथूनच कमी बसली, असा माझा संशय. तोंडी विचारलं तर "काका, बघतो ना." चार महिने बघणंच चाललं. मग माहिती अधिकार कायद्याखालचा अर्ज, जोडपत्र 'अ', भरला, दहाचा कोर्ट फी स्टँप डकवला, पोच घेतली. उत्तर आलं: "सदर, माहिती ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही."

त्रयस्थ कोण, तर मी! आणि खरं सांगायचं तर हे वाक्यही माझंच. कधीतरी घाईत टाइप करून ठेवलेला मसुदा, नाव-तारीख बदलून अजून चालतोय. 'सदर'पुढचा तो फालतू स्वल्पविरामसुद्धा जागेवर आहे.

पहिलं अपील ३० दिवसांत करायचं असतं. जोडपत्र 'ब', वीसचा स्टँप. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं हे ८(१)(ञ) कलम पार आखूड केलंय, त्यामुळे हल्ली नकार द्यायला फार डोकं लागत नाही. पण माझी माहिती माझ्यापासूनच लपवून कुणाचा खासगीपणा राखणार? तेवढंच लिहिलं. शिवाय कलम १९(५): नकार बरोबर होता हे माहिती अधिकाऱ्याने सिद्ध करायचं, मी नाही. अपील कुणाकडे, किती दिवसांत, हे नकाराच्या पत्रात सांगावं लागतं, कलम ७(८). पत्रात ते नव्हतं. (माझ्या मसुद्यातही नव्हतं. तेव्हा कुणी अपिलात गेलं नाही, म्हणून खपलं.)

सुनावणीला साहेबांनी माझं आधार कार्ड बघितलं, मग सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरचा माझा काळ्या मिशांचा फोटो.

"अर्जदार हेच?"

"हो सर."

"आणि त्रयस्थ?"

माझ्या जुन्या खुर्चीवरचा पोरगा फाइलची नाडी सोडत-बांधत राहिला. मला त्याची जराशी दयाच आली.

पानाला दोन रुपयांप्रमाणे आठ रुपये भरले, चार पानं मिळाली. वेतनवाढ लावलेली आहे, शाईने, स्वच्छ अक्षरात. शेजारी अधिकाऱ्याच्या सहीची जागा कोरी.