शिडीच्या पायाखालची वाळू

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात शिरा, साच्याची काळी वाळू अंगाला लागल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. सिलिका वाळू, बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि कोळशाची पूड. ओली असते तोवर ती घट्ट बसते. सुकली की कोब्यावर तिचा बारीक थर पसरतो आणि त्यावरून चांगला बूटसुद्धा सरकतो. शिडी लावायला याहून वाईट जमीन नाही.

मी तेव्हा अशाच एका फौंड्रीत मेंटेनन्सला होतो. मे महिना होता. सँड प्लांटचा, म्हणजे साच्याची वाळू तयार करायच्या यंत्रणेचा बेल्ट सकाळपासून किरकिरत होता, म्हणून वरचं बेअरिंग बदलायला फिटर चढला. प्लॅटफॉर्म जमिनीपासून सुमारे बारा फुटांवर. मेन स्विच काढून मी खाली पॅनेलपाशी थांबलो होतो. अ‍ॅल्युमिनियमची शिडी रात्रपाळीनंच तिथं लावून ठेवलेली होती.

काम झालं आणि तो उतरायला लागला. शिडीचं वरचं टोक प्लॅटफॉर्मच्या कडेला जेमतेम टेकलेलं, त्यामुळं उतरताना धरायला काहीच नाही. पाठमोरं वाकायचं, एक पाय खाली सोडायचा आणि पायरी चाचपायची. त्यात एका हातात जुनं बेअरिंग. त्यानं दुसरा पाय पायरीवर टेकवला आणि खालून खर्रकन आवाज आला. शिडीचा पाया बाहेर पळाला आणि तो शिडीसकट खाली आला, थेट टाचांवर.

सगळे धावले. "अण्णा, उचलून रिक्षात घालूया की!" कुणीतरी त्याच्या काखेत हातही घातला होता. मी ओरडून थांबवलं. उंचावरून माणूस टाचांवर पडला की तो दणका पायातून वर कण्यापर्यंत जातो. टाच मोडलेली दिसते, पण कमरेचा मणका चेपलेला वरून कळत नाही. अशा माणसाला बसवणं, उभं करणं म्हणजे त्याच्या मज्जारज्जूशी खेळ. त्याला आडवाच ठेवला, डोकं हलू दिलं नाही, १०८ ला फोन केला. तो सारखा म्हणत होता, "मला काय झालं नाही ओ, उठतो की मी." एक्स-रेत दोन्ही टाचा मोडलेल्या निघाल्या. मणक्यालाही बारीक चीर होती.

अ‍ॅम्ब्युलन्स गेली आणि एक पोरगा झाडू घेऊन आला. त्याला मी हात लावू दिला नाही. जमिनीवर वाळूत दोन रेघा उमटल्या होत्या, समांतर, फूटपट्टीनं ओढाव्यात तशा सरळ. शिडीचे दोन्ही पाय जिथून सुटले तिथपासून जिथं थांबले तिथपर्यंत. मोबाइलवर फोटो काढले, टेप लावली. बारा फूट उंचीला शिडीचा पाया भिंतीपासून तीन फुटांवर हवा, चारास एक. इथं तो सहा फुटांच्याही पुढं होता. शिडी जितकी आडवी, तितका तिचा पाया बाहेर ढकलला जातो. आणि आडवी का लावली? कारण भिंतीलगत मोल्डिंग बॉक्सची, म्हणजे साच्याच्या चौकटींची थप्पी होती, जवळ लावायला जागाच नव्हती. शिडी उलटी करून बघितली, तर एका पायाचं रबर झिजून नुसतं अ‍ॅल्युमिनियम राहिलं होतं. वरचं टोक बांधलेलं नव्हतं.

संध्याकाळी अपघाताच्या नोंदीत लिहून आलं : कामगाराच्या हलगर्जीपणामुळे तोल गेला. मी सही केली नाही. फोटो टेबलावर ठेवले आणि म्हटलं, तोल त्याचा गेलेला नाही, शिडी सरकली. हातात बेअरिंग नको होतं हे खरंच, ते दोरीनं सोडायला हवं होतं. पण दोन्ही हात मोकळे असते तरी ती शिडी सरकलीच असती. कामाच्या जागेपर्यंत सुरक्षित वाट देणं हे तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ च्या कलम ३२ नं कारखान्यावर टाकलं होतं, फिटरवर नाही. बरीच वादावादी झाली. मॅनेजर रागावले, पण शेवटी ती ओळ खोडली गेली.

माझं मत त्या दिवसापासून पक्कं आहे : जिथं आठवड्यातून दोनदा चढावं लागतं, तिथं सुटी शिडी लावणंच चूक. पावसाळा लागायच्या आत तिथं अँगलचा पक्का जिना आणि कठडा वेल्ड करून घेतला. थप्पी हलवली. झिजलेली शिडी गॅसनं कापून भंगारात टाकली, नाहीतर कुणीतरी ती परत उचलली असती. नव्या शिड्यांसाठी भिंतीत हूक बसवले आणि शिडी कडेच्या वर तीन फूट निघाली पाहिजे, अशी पाटी मराठी आणि कन्नड दोन्हीत लावली.

फिटर बऱ्याच महिन्यांनी कामावर आला. अजून थोडा लंगडतो. शिडीवर चढायच्या आधी तो खालची वाळू झाडतो, बुटांची टोकं शिडीच्या पायांना लावून ताठ उभा राहतो आणि हात सरळ पुढं करतो. खांद्याच्या उंचीची पायरी हातात आली तर शिडीचा उतार बरोबर. नाही आली तर शिडी हलवतो, आणि नव्या पोरांनाही तसंच करायला लावतो.